तीनशे बारा तोंडांचा एक मोबाइल

चेतन निमजे याने आजवर एकही काम बिघडवलेले नाही, कारण त्याने आजवर एकही काम केलेले नाही. त्याने कामांच्या फायली केल्या. काम झालेले असो, अर्धवट असो वा झालेच नसो, त्याची फाईल पूर्ण असते, आणि ती इतकी नीट असते की पाहणाऱ्याला मग काम पाहायला जावेसे वाटत नाही. वय त्रेचाळीस. घर नागपूरच्या महाल भागात. ज्या खोलीत आजोबांचा हातमाग होता, तिथे मागाच्या खड्ड्यावर आता फरशी आहे आणि फरशीवर लोखंडी कपाट. कपाटात जुन्या नोकऱ्यांच्या फायलींच्या प्रती, वर्षानुसार. बायको काजल शाळेत शिकवते. नवरा काय करतो असे कोणी विचारले, तर ती "कम्प्लायन्स" एवढेच सांगते आणि चहा ठेवायला उठते.

हा धंदा तो एका खासगी कॉलेजात शिकला. बी.कॉम. झाल्यावर तिथे कारकून म्हणून लागला आणि वर्षभरातच पाहणीच्या दिवसाचा मुख्य माणूस झाला. पाहणी समिती यायच्या आदल्या संध्याकाळी टेम्पोने पुस्तके यायची, प्रयोगशाळेची काचपात्रे यायची, एका दिवसापुरते प्राध्यापक यायचे. संस्थेची तीन कॉलेजे होती आणि आग विझवण्याची लाल नळकांडी एकूण चौदा. ती चौदा नळकांडी तिन्ही कॉलेजांत आळीपाळीने भिंतीवर चढत. एकदा दोन कॉलेजांची पाहणी एकाच दिवशी आली. चेतनने सात इकडे, सात तिकडे लावली आणि रिकाम्या खिळ्यांखाली "पुन्हा भरण्यासाठी पाठविले आहे" अशी पावती चिकटवली. समितीच्या अध्यक्षांनी त्या पावतीचे कौतुक केले. इतकी काळजी फार कमी ठिकाणी घेतली जाते, असे ते म्हणाले.

त्या दिवशी चेतनला कळले की तपासायला येणारा माणूस वस्तू पाहत नाही, यादी पाहतो. तेव्हा यादीपासून मागे यायचे. यादीत जे विचारले आहे त्याचा कागद आधी करायचा आणि मग त्या कागदाला शोभेल एवढीच वस्तू उभी करायची. याला तो "उलटी फाईल" म्हणतो आणि नव्या लोकांना शिकवतोही. कॉलेजांनंतर औषधांची दुकाने झाली, नर्सिंग होम झाली. तीन वर्षांपूर्वी तो स्मितरेखा नावाच्या कंपनीत, नियम पाळले जातात हे दाखवणारा अनुपालन प्रमुख म्हणून लागला.

स्मितरेखा दात विकते असे नाही. ती दातांचे वार्षिक पॅकेज विकते. मालक चंदन जयस्वाल, आधी टाइल्सच्या धंद्यात. करोनाच्या काळात लोक डॉक्टरला मोबाइलवर जीभ दाखवायला शिकले. ही सवय वाया जाऊ देणे जयस्वालच्या जिवावर आले. पॅकेजमध्ये सहा गोष्टी होत्या: वर्षातून चार वेळा दातांच्या डॉक्टरचा दुरून सल्ला, एकदा दातांची सफाई, दोन एक्स-रे, दातावर टोपी बसवायची झाल्यास सवलत, एक ब्रश-पेस्टचा डबा आणि वर्षाअखेरीस रंगीत अहवाल. हे सगळे मिळून एकच कार्ड. संस्था, पतपेढ्या, कारखाने यांना घाऊक भावात.

जयस्वालला वाटले होते की एखादा परवाना काढला की झाले. तसा परवाना नव्हता. दुरून सल्ल्याला एक नियम: डॉक्टर नोंदणीकृत हवा, त्याचा नोंदणी क्रमांक सल्ल्यावर हवा, रुग्णाची संमती हवी, आणि प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय भागणार नसेल तर तसे रुग्णाला सांगायला हवे. एक्स-रे यंत्राचा नियम वेगळा. टोपीच्या सवलतीत डॉक्टरला कमिशन गेले तर तो नीतिनियमांचा भंग. जाहिरातीचा आणखी वेगळा.

"निमजे, मले एक सांग," जयस्वालने पहिल्या आठवड्यात विचारले होते, "आपण दुकान टाकून राहिलो का दवाखाना?"

"दोनी नाई सेठ. आपण प्लॅटफॉर्म आहो."

"म्हंजे काय गा?"

"म्हंजे कोनी म्हनलं दवाखाना दाखवा, तं आपल्याजवळ दवाखाना नाई. कोनी म्हनलं डॉक्टर चुकला, तं डॉक्टर आपला नाई. एक्स-रे वाला आपला नाई. ब्रश कंपनीचा."

"मंग आपलं काय?"

"कार्ड."

जयस्वालने त्याच दिवशी त्याला केबिन दिली.

चेतनने सहा गोष्टींचे सहा करार केले, सहा रंगांच्या सहा फायली केल्या. प्रत्येक फाईल स्वतःपुरती निर्दोष होती. डॉक्टरचे काम सल्ला लिहून संपत होते. सफाई करणाऱ्या दवाखान्याचे काम रुग्ण दारात आल्यावर सुरू होत होते. डॉक्टरचा सल्ला रुग्णाच्या कानापर्यंत कोणी न्यायचा, हे सहापैकी एकाही करारात नव्हते. ही चूक नव्हती. चेतनने ती जागा मोकळी ठेवली होती, कारण ज्या जागेला कोणी जबाबदार नाही तिथे कोणी दोषी सापडत नाही. तिथे त्याने फक्त एक चौकट छापली: "रुग्णास कळविले: होय / नाही."

दुरून सल्ला देणाऱ्या होत्या डॉ. नंदिनी गजभिये. वय एकतीस, नागपुरातच इंदोरा भागात स्वतःचा दोन खुर्च्यांचा दवाखाना, त्यातल्या एका खुर्चीचे हप्ते चालू. रोज दुपारी दोन तास त्या स्मितरेखाच्या ॲपवर आलेले तोंडांचे फोटो पाहत आणि सल्ला लिहीत. प्रत्येक सल्ल्याखाली त्यांचा नोंदणी क्रमांक आपोआप छापला जाई. स्मितरेखाच्या साऱ्या व्यवहारात खरी म्हणावी अशी ती एकच गोष्ट होती.

गेल्या मार्चमध्ये कन्हानला कोळसा खाणीतल्या निवृत्त कामगारांच्या संस्थेने सभासदांसाठी पॅकेज घेतले. समाजमंदिरात शिबिर झाले. स्मितरेखाची माणसे प्लास्टिकच्या चिमट्याने ओठ ताणून फोटो काढत होती आणि ब्रशचा डबा हातात देत होती. तीनशे बारा लोक आले. नियमाप्रमाणे प्रत्येकाच्या मोबाइलवर संमतीचा ओटीपी जायला हवा होता आणि त्याने तो सांगायला हवा होता. पण कोणाचा मोबाइल घरी होता, कोणाचा नंबर पोराच्या नावावर आणि पोरगा पुण्यात, कोणाला रेंज नाही, आणि बऱ्याच जणांना बँकेने बजावले होते की ओटीपी देवालासुद्धा सांगू नका. पहिल्या तासात अकरा संमत्या झाल्या.

चेतनने तोडगा काढला. ऑफिसचा एक जादा मोबाइल होता, तो मागवला. त्या अकरांसह तीनशे बारा जणांपुढे त्या एकाच मोबाइलचा नंबर टाकला. सारे ओटीपी त्याच्यावर आले, चेतननेच ते भरले. दुपारी तीनपर्यंत तीनशे बारा लोकांनी स्वेच्छेने संमती दिलेली होती. रात्री त्याने टिपण लिहिले: "लाभार्थ्यांच्या विनंतीवरून सामाईक संपर्क क्रमांकाची सुविधा देण्यात आली." मोबाइल त्याने आपल्या टेबलाच्या खणात ठेवला. दर सोमवारी तो चार्ज करायला विसरत नसे. या बाबतीत तो काटेकोर होता.

एकवीस मार्चला डॉ. नंदिनींनी शालिकराम उके, वय बासष्ट, यांचे फोटो पाहिले. जिभेच्या डाव्या कडेला पांढरट-लाल चट्टा होता. असा चट्टा त्या जागी दिसला की दंतवैद्य फोटो मोठा करून पाहतो आणि मग खुर्चीत सरळ बसतो. त्यांनी लिहिले: कर्करोगाची शक्यता नाकारता येत नाही, सात दिवसांत प्रत्यक्ष तपासणी, तुकडा काढून तपासणे आवश्यक. सल्ल्याला लाल खूण केली. ॲपने तो संदेश रुग्णाच्या क्रमांकावर पाठवला. चेतनच्या खणात मोबाइल थरथरला. ॲपने दोन बरोबरच्या खुणा दाखवल्या. चेतनने चौकटीत "होय" भरले.

आठवड्याने डॉ. नंदिनींनी विचारले, उके गेले का तपासायला? ऑफिसकडून उत्तर आले: "कळविले आहे." एप्रिलमध्ये पुन्हा विचारले. पुन्हा तेच उत्तर. त्यांनी विश्वास ठेवला. तो ठेवणे त्यांनाही सोयीचे होते, हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केले.

जूनमध्ये दुसऱ्या सल्ल्याची तिमाही आली. वर्षात चार सल्ले द्यायचे कबूल केलेले, म्हणजे चार वेळा फोटो हवेत. कन्हानला पुन्हा शिबिर घ्यायचे तर मांडव, माणसे, गाडी. चेतनने मार्चचेच फोटो जूनच्या तारखेने चढवले. तोंडे तीच, दात तेच, तीन महिन्यांत दात किती बदलणार, असा त्याचा हिशेब होता. आणि तीनशे अकरा तोंडांच्या बाबतीत तो खपूनही गेला असता.

अठरा जूनला सकाळी नऊ वाजता डॉ. नंदिनींचा फोन आला. त्यांनी आदल्या रात्री उके यांचे नवे फोटो उघडले होते.

"निमजे सर, उकेंच्या खालच्या सुळ्याशेजारी सांभाराचं, कोथिंबिरीचं पान अडकलंय."

"मॅडम, मंग सफाईचा सल्ला टाका नं. पॅकेजमंधी आहे."

"मार्चच्या फोटोतही आहे. त्याच दातात, तेच पान, तसंच दुमडलेलं. हा माणूस तीन महिने एकच सांभारवडी खाऊन राहिला का?"

"फोटो अपलोडिंगमंधी काही टेक्निकल..."

"फोटो सोडा. त्या माणसाला चट्ट्याचं सांगितलं का?"

"कळवलं मॅडम. दोन टिक आहेत."

"कोणाला कळवलं? मी आत्ता यादी काढली. तीनशे बारा लोकांचा एकच नंबर आहे. तो लावला, तर तुमच्या ऑफिसची कॉलर ट्यून वाजली, शिपायानं उचलला."

"तो सामाईक क्रमांक आहे."

"तीनशे बारा माणसांचं तोंड एकच आहे का? पत्ता द्या त्यांचा."

इथे चेतनने जे उत्तर दिले, ते त्याच्या मते त्या संभाषणातले त्याचे सर्वात भक्कम वाक्य होते. "पत्ता नाई देता येत मॅडम. रुग्णाची खासगी माहिती आहे. प्लॅटफॉर्मच्या बाहेर देलं, तं गोपनीयतेचा भंग होते."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

त्या क्षणी शालिकराम उके यांच्या तोंडात तीन महिने वाढलेला एक चट्टा होता आणि तो आहे हे त्यांना माहीत नव्हते. ते माहीत असलेले दोघे होते. त्यातल्या एकीने कन्हानच्या संस्थेच्या सचिवांचा नंबर शोधायला घेतला. दुसऱ्याने नवा कागद टाइप करायला घेतला.

चेतनचा विचार असा होता: मॅडम तक्रार करतील. तक्रार झाली की कोणीतरी विचारेल, रुग्णाला कळवल्याचा पुरावा काय? दोन टिक पुरणार नाहीत. रुग्णाची सही हवी, आणि ती मार्चची हवी. त्याने पोचपावती तयार केली. नियमात लिहिले आहे की गंभीर बाब रुग्णाला सोप्या भाषेत, संपूर्ण समजावून सांगावी. चेतनचे कागद कधीच अपुरे नसतात. त्यामुळे त्याने सगळे लिहिले, सोप्या भाषेत, मोठ्या अक्षरात, वयस्क रुग्णांना वाचता यावे म्हणून. खाली तारीख छापली एकवीस मार्च. सहीच्या जागी पिवळी चिकटपट्टी लावली. मग दुचाकी काढली आणि कामठीवरून कन्हान गाठले.

उके दारातल्या खाटेवर बसले होते. खाणीत खाली विडी चालत नाही, म्हणून त्यांनी तीस वर्षे तंबाखू खाल्ली आणि वर आल्यावर सुपारी-तंबाखू घोटलेला खर्रा. आत्ताही पुडी हातात होती. पत्नी भीमाबाई तुरीची डाळ निवडत होत्या. त्या सव्वीस वर्षे अंगणवाडी सेविका होत्या.

"या जी, बसा," शालिकराम म्हणाले. "दातवाले नं तुमी? त्या ब्रशचे केस झडले सारे."

"बदलून देतो काका. आपला एक लहानसा कागद राह्यला होता. सही पाहिजे फक्त, पिवळ्या पट्टीजवळ."

"आना. पेन आहे का?"

"थांबा नं, वाचू तं द्या," भीमाबाईंनी हात पुसले.

"काय वाचून राहिली वं? सही मागाले आले म्हंजे काई वाईट नसन."

"सव्वीस वर्स सह्याच घेतल्या मी लोकाइच्या. मले माहीत आहे काय रायते त्याच्यात."

त्यांनी चष्मा लावला आणि अंगणवाडीत पोरांना वाचून दाखवायच्या त्या खणखणीत आवाजात वाचू लागल्या. "माझ्या जिभेच्या डाव्या कडेला पांढरट-लाल चट्टा असून तो कर्करोगाचा असण्याची शक्यता आहे. त्यासाठी सात दिवसांच्या आत प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी व चट्ट्याचा लहान तुकडा काढून तपासावा. उशीर केल्यास धोका वाढू शकतो. ही माहिती मला सोप्या भाषेत समजावून सांगण्यात आली व मला ती समजली."

शेवटचे वाक्य त्यांनी दोनदा वाचले. शालिकराम यांचे बोट आपोआप डाव्या गालाकडे गेले होते.

"मले वाटे दात घासते तिथं," ते म्हणाले. "तिखट लागे त्याच बाजूले."

चेतनने वीस वर्षांत हजारो कागद केले. ज्याच्या नावाने लिहिला त्याच्या कानापर्यंत पोहोचला आणि त्याला कळला, असा हा पहिलाच. त्याच्या चेहऱ्यावर मात्र तेव्हा फक्त एवढेच होते की कागद परत कसा घ्यावा.

"कवा समजावून सांगतलं जी यायले?" भीमाबाईंनी विचारले.

"ते सिस्टीमवर गेलं होतं काकू. मेसेज."

"आमच्या मोबाइलवर तं काई नाई आलं. कोनाच्या मोबाइलवर गेला?"

चेतनने कागदासाठी हात पुढे केला.

"कोनाच्या जी?"

"ऑफिसच्या."

"म्हंजे यायच्या जिभीचं तुमाले माहीत होतं, आन् यायले नाई."

हे खरे नव्हते. आज सकाळपर्यंत चेतनलाही माहीत नव्हते, कारण त्याने तो संदेश मार्चमध्ये वाचलाच नव्हता. तो पोहोचला एवढे त्याने पाहिले होते. पण हे सांगितले तर आणखी वाईट दिसेल, हे त्याच्या लक्षात आले.

"आन् हे एकवीस मार्च काहून? आज अठरा जून आहे."

"तारीख मॅच व्हा लागते काकू. फाईलमंधी."

भीमाबाईंनी चष्मा काढला. "पोरा, मीबी भरले आहेत रजिस्टर. दहा पोरं आले आन् पंचवीस लिवले, खोटं नाई सांगत. वरून सायब येत, आकडा पाहत आन् चहा पिऊन जात. पन कोनाच्या मरना-जगन्याचं नाई लिवलं मी रजिस्टरात."

"देऊन टाक वं सही," शालिकराम म्हणाले. "त्याची नोकरी असन."

"नोकरी त्याची आहे आन् जीभ तुमची आहे. गुपचाप बसा."

त्यांनी कागदाची चौघडी केली आणि ब्लाउजमध्ये खोचली.

"काकू, तो ओरिजिनल आहे," चेतन म्हणाला. मग, हरल्यावरही धंदा न सोडणाऱ्या माणसासारखा: "निदान झेरॉक्स काढून आनतो नं."

त्याला झेरॉक्स मिळाली नाही. दुपारी चारला, संस्थेच्या सचिवांना सोबत घेऊन, डॉ. नंदिनी पोहोचल्या. त्यांनी खाटेवर बसूनच मोबाइलच्या उजेडात तोंड तपासले. तोंड पुरते उघडत नव्हते. तीन बोटे उभी जायला हवीत तिथे दोन जेमतेम जात होती. फोटोत हे दिसत नाही. चिमट्याने ओठ ताणलेले असतात. भीमाबाईंनी चौघडी काढून दिली. डॉक्टरांनी एकवीस मार्च खोडले, अठरा जून लिहिले, खाली स्वतःची सही आणि नोंदणी क्रमांक. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने उके दांपत्य तोच कागद घेऊन नागपूरला सरकारी दंत रुग्णालयात गेले.

तुकड्याचा अहवाल नऊ दिवसांनी आला. कर्करोग होता. जुलैत जिभेचा डावा भाग आणि मानेतल्या काही गाठी काढल्या, मग सहा आठवडे रेडिएशन. शालिकराम वाचले. मार्चमध्येच गेले असते तर किती जीभ वाचली असती, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की नक्की सांगता येत नाही. हे वाक्य कानावर येताच चेतनने लिहून घेतले.

डॉ. नंदिनींनी स्मितरेखाकडून आपला नोंदणी क्रमांक काढून घेतला आणि लेखी तक्रार केली. कंपनीला नवा नोंदणी क्रमांक तीन दिवसांत मिळाला. त्याच्याबरोबर एक डॉक्टरही आला. तक्रारीला चेतनने एकशे चाळीस पानांचे उत्तर पाठवले. त्यात सहा करार होते, तीनशे बारा संमत्या होत्या, आणि पान एकशे सव्वीसवर कन्हानच्या वाटेवरच्या पेट्रोल पंपाची पावती होती. पावतीखाली लिहिले होते: "अनुपालन प्रमुखांनी रुग्णाच्या निवासस्थानी प्रत्यक्ष भेट देऊन पुढील उपचारासाठी प्रवृत्त केले." यातला शब्द न शब्द सिद्ध करता येतो. तक्रार अजून प्रलंबित आहे.

नोव्हेंबरमध्ये पुण्याची एक मोठी कंपनी आपल्या कामगारांसाठी पॅकेज घ्यायला तयार झाली. तिने यादी पाठवली. एकोणचाळिसावा मुद्दा होता: वेळेत निदान होऊन रुग्णाचा जीव वाचल्याचे एखादे उदाहरण, रुग्णाच्या फोटो व संमतीसह.

"आहे आपल्याजवळ," चेतनने जयस्वालला सांगितले.

रविवारी सकाळी तो पुन्हा कन्हानला गेला. या खेपेला रिकाम्या हाताने जाणे बरे दिसणार नाही म्हणून वाटेत काटोलची संत्री घेतली, दोन किलो, मोठी. संमतीपत्र पिशवीतच वर ठेवले.

शालिकराम त्याच खाटेवर होते. मानेवर शिवणीची लांब खूण, आवाज तोंडात घोळणारा. त्यांनी हात जोडले. चेतनने पिशवी त्यांच्या हातात दिली आणि दुसऱ्या हाताने मोबाइल वर केला.

"काका, असंच धरून राहा. हसल्यासारखं करा थोडं."

शालिकराम काहीतरी म्हणाले. ते चेतनला कळले नाही.

"ते म्हनतेत, संत्रं झोंबते," भीमाबाई आतून आल्या. "मशीनचा शेक देला नं तोंडाले. दूध-भात जाते कसाबसा. संत्र्याची फोड लावली तं दिवसभर डोळ्यातून पानी निंघते."

"हो का? मले माहीत नव्हतं काकू."

"तुमाले कवा काय माहीत रायते?" त्यांनी पिशवी घेतली, चेतनला समोर बसवले, वरचा कागद चिमटीत धरून त्याच्या मांडीवर ठेवला आणि एक संत्रे सोलून त्याच्या हातात दिले. "घ्या. आनलं तं खा. वाया नाई जाऊ द्याव."

"नको काकू, मी नाश्ता करून..."

"खा म्हनते नं."

त्याने खाल्ले. भीमाबाईंनी दुसरे सोलले. समोर शालिकराम शांतपणे पाहत होते, एकेक फोड तोंडात जाताना, जणू पूर्वी आपण कसे खात होतो ते आठवून पाहत असावेत. तिसऱ्या संत्र्यानंतर चेतन म्हणाला की बस झाले. त्याला चौथे मिळाले. शेजारच्या दोन बाया कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या आणि एकीने विचारले, पाहुणा कोण? "दातवाले साहेब आहेत," भीमाबाईंनी सांगितले, "यायचे दात चांगले आहेत." बाया हसल्या. चेतनही हसला, कारण काय करावे हे त्याला सुचेना. रस मनगटावरून बाहीत गेला होता. मांडीवरच्या संमतीपत्रावर थेंब पडत होते आणि तो ते कोपराने पुसत होता.

पाचव्या संत्र्याला त्याने धीर केला. "काकू, तो कागद... तेवढी सही झाली असती तं..."

भीमाबाईंनी सहावे संत्रे सोलायला घेतले.

"बिया खाली नोका टाकू," त्या म्हणाल्या. "आत्ताच झाडलं आहे."